कासव-माशांची एकच टाकी

आधी कायद्याचं. विहिरीतलं, ओढ्यातलं, रानातलं कासव उचलून घरी आणू नका. मऊ पाठीचं कासव असो की चांदणी कासव, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे ते पाळणं गुन्हा आहे. दुकानात मिळतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकेकडचं कासव. आज ते रुपयाएवढं दिसतं, पण मादी पुढे पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि वीस-तीस वर्षं जगते. हे घरात सगळ्यांना सांगूनच पुढचं वाचा.

टाकी कासवाच्या मापाने घ्यायची, माशांच्या नाही. पाठीच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ लिटर पाणी धरा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काठाच्या चार इंच खाली भरली तर सुमारे २०० लिटर होतात. लहान कासवाला काही वर्षं पुरेल, पुढे मोठी लागेलच. पाण्याचंच वजन २०० किलो, तेव्हा स्टँड लोखंडी हवा. एका टोकाला कासवाला पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा उतरता दगड, त्यावर ३०-३२ अंशांचा दिवा आणि यूव्हीबी ट्यूब. ही ट्यूब नसेल तर पाठ मऊ पडते. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन तिची जागा घेत नाही.

फिल्टर टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. कासव खूप घाण करतं, आणि त्यातल्या अमोनियाने मासे आधी मरतात. कासव आणण्याआधी चार-सहा आठवडे फिल्टर चालवा. थोडं खाद्य टाकत राहा, म्हणजे त्यात जीवाणू वसतील. तपासणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की आधी मासे, नंतर कासव. तोवर मासे लपण्याच्या जागा शिकून घेतात.

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरकडचं बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरा थर धरतं. मॉलीला ते मानवतं, झेब्रा डॅनिओही चालतो, शिवाय चपळ असतो. गोल्डफिश नको. तो संथ, हमखास खाल्ला जातो आणि त्यातल्या थायमिनेजमुळे कासवाला ब१ जीवनसत्त्व कमी पडतं. काटेरी मांगूरही नको, काटा घशात अडकतो. एवढं करूनही एखादा मासा जाणारच. ते मान्य नसेल तर दोन टाक्या ठेवा, मी तर तेच सुचवेन.

कासवाला वेगळ्या टबमध्ये खाऊ घाला, टाकी कमी घाण होते. पिलांना रोज गोळ्या, मोठ्यांना पालेभाजी जास्त. हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

आठवड्याला पाव पाणी, म्हणजे ५० लिटर बदलायचं. नळाचं असेल तर आधी क्लोरीन काढून. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात हे पाणी मोरीत सोडायची सोय नाही. जास्वंदीला, पपईला घाला, खतासारखं लागू पडतं. लोडशेडिंगसाठी बॅटरीचा एअरपंप ठेवा. मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या वर गेलं की टाकीचं झाकण काढून जाळी लावा, वर पंखा फिरवा.

कंटाळा आला म्हणून कासव तळ्यात सोडू नका. ते आपल्याकडच्या कासवांची जागा आणि अन्न हिसकावतं.