घासलेली जागा बघ

भाचेबुवा, मोबाईलवर जुन्या गाडीचा सुटा भाग दिसला की आधी फोटोखालची ओळ बोटाने झाकायची. 'रेअर व्हिंटेज पार्ट, रोल्स-रॉइस' असं लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच ठाऊक असतं, की वस्तू पितळी आहे, जुनी आहे आणि कबाड्याकडून किलोच्या भावाने आली आहे. 'राजाच्या गाडीचा' हे तर ठरलेलंच. आपल्या छत्तीसगडात संस्थानं होती चौदा. त्यांच्या नावावर जेवढे भाग खपतात ते बघता एकेका राजाकडे तबेलाभर रोल्स असल्या पाहिजेत.

वस्तूचं नाव शोधत बसू नकोस, ती काय काम करत होती ते आधी शोध. त्यासाठी ती कुठे घासली आहे ते बघ. गाडीतला प्रत्येक भाग कुठेतरी टेकतो, कुठेतरी फिरतो, कुठेतरी तेल खातो, आणि ते सगळं त्याच्या अंगावर उमटतं. बोल्टच्या भोकाभोवती वॉशरची गोल खूण असेल तर तो तिथे आवळून बसवलेला होता. भोक लंबगोल झालं असेल तर त्यात पिन हलत होती, म्हणजे ब्रेक, क्लच नाहीतर थ्रॉटलच्या दांड्यांपैकी काहीतरी. एक बाजू तेलाच्या कीटाने काळी आणि दुसरी कोरडी गंजलेली, तर तो इंजिनाला चिकटून बसणारा भाग. तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर काळपट पट्टा दिसला तर तिथे कार्बन ब्रश घासत होता. म्हणून फोटोत लख्ख पॉलिश केलेली वस्तू दिसली की माझा जीव हळहळतो. बफवाल्याने अर्धी साक्ष पुसलेली असते.

एक उदाहरण नीट समजून घे, कारण ही वस्तू हमखास चुकीच्या नावाने विकली जाते. उभा गोल डबा, वर झाकणाला तीन-चार नळ्यांची तोंडं, खाली एक नळी किंवा तोटी. कोणी त्याला बॉयलर म्हणतो, कोणी फवारणीचा पंप. तो असतो ऑटोव्हॅक, अमेरिकन गाड्यांत स्ट्युअर्ट-वॉर्नरची व्हॅक्यूम टाकी. 1920 च्या दशकात पेट्रोलची टाकी मागे गेली, पण भरवशाचा पेट्रोल पंप अजून आला नव्हता. तेव्हा इंजिनाच्या इनटेकची ओढ वापरून पेट्रोल या डब्यात खेचत. आतल्या खणात तरंगा असतो. तो वर आला की ओढीचा व्हॉल्व्ह बंद होतो, हवेचा उघडतो आणि पेट्रोल बाहेरच्या खणात उतरून स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरकडे जातं. विकणाऱ्याला सांग, डबा कानाशी धरून हलव. आत सुटं काही डुगडुगलं तर तरंगा शाबूत असण्याची आशा आहे. झाकण जस्ताच्या ओतकामाचं असेल तर फोटो मोठा करून केसाएवढ्या भेगा शोध. त्या काळच्या अशुद्ध जस्ताला आतूनच भेगा पडतात; त्याला ना वेल्डिंग लागतं ना कसला लेप टिकतो.

मॅग्नेटोचं सोपं आहे. वायरींची तोंडं मोज, तेवढे सिलिंडर. फिरण्याची दिशा सांगणारा बाण बहुधा अंगावर ठोकलेला असतो, आणि उलट्या दिशेचा मॅग्नेटो फुकट मिळाला तरी आपल्या कामाचा नाही. लांबट अरुंद पेटी, तिच्यातून बाहेर येणारा पिवळट हात, हे कुलूप नाही आणि दिवाही नाही. तो ट्रॅफिकेटर, वळताना गाडीच्या खांबातून बाहेर पडणारा इशारा. त्यावर एसएफ 80 दिसलं तर लुकासचा, मॉरिस मायनरच्या कुळातला.

आता नंबर. उठावदार अक्षरं साच्यातून आलेली, तो कास्टिंग नंबर. एकाच ओतकामातून वेगवेगळे भाग कातून काढतात, म्हणून तो पार्ट-बुकात शोधशील तर सापडणार नाही. ठोकलेला नंबर कामाचा. फोर्डचा मधला आकडा भागाचं काम सांगतो: 9510 कार्ब्युरेटर, 12127 डिस्ट्रिब्युटर. आधीचं अक्षर किंवा आकडा मॉडेल सांगतो: 'ए' म्हणजे 1928 ते 1931, '18' म्हणजे 1932 ची व्ही-8, '78' म्हणजे 1937. शेवरोलेच्या ओतकामावर 'सी 14 7' असं दिसलं तर मार्चची 14 तारीख आणि साल 7 ने संपणारं. दशक तुला अकलेने लावावं लागेल. लुकासवर '3 52' म्हणजे मार्च 1952. पुढच्या काळातल्या भागावर पहिला आकडा 12 च्या वर गेला तर तो आठवडा समज. 'लुकास-टीव्हीएस' लिहिलं असेल तर वस्तू 1961 नंतरची आणि मद्रासची. 'मायको' असेल तर 1951 च्या आधीची असूच शकत नाही. युद्धाआधीची म्हणून कोणी खपवू लागला तर हसून पुढे जा.

नंबर वाचता येत नसेल तर विकणाऱ्याकडून वायर-ब्रश मारून घेऊ नकोस. रॉकेलच्या चिंधीने पूस म्हणावं, वर खडू घास, हलकेच पूस आणि टॉर्च बाजूने धरून फोटो काढ. आकडे पांढरे उठतात.

सगळं पुसलेलं असलं तरी आटे खोटं बोलत नाहीत. बोल्टशेजारी पट्टी ठेवून फोटो मागव. 5/16 इंची बोल्ट 7.94 मिलिमीटर भरतो आणि फियाटचा 8 मिलिमीटर. जाडीवरून फरक कळणं कठीण. एका इंचात आटे मोज. 22 आले तर बीएसएफ, म्हणजे जुनं इंग्रजी काम. 24 आले तर अमेरिकन, नाहीतर 1950 नंतर बदललेलं इंग्रजी. 20 च्या आसपास असतील तर मेट्रिक. पण मॉरिसच्या जुन्या इंजिनांना आटे मेट्रिक आणि वर डोकं व्हिटवर्थच्या पान्याचं, असला घोळ होता. तेव्हा पाना बसला म्हणून निकाल देऊ नकोस.

अमेरिकन भाग घेताना आणखी एक. जनरल मोटर्सने 1928 ला मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली आणि पुढे फोर्डनेही. जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. आपल्याकडच्या या गाड्या उजव्या हाताच्या. अमेरिकेतून कोणी स्टीअरिंग बॉक्स किंवा पेडलच्या दांड्या विकत असेल तर ते सामान डाव्या हाताचं असणार. नंबर जुळतोय म्हणून उड्या मारू नकोस.

आता आपल्या रायपूरचे खास फसवे माल. पितळी किंवा पत्र्याच्या दिव्यावर 'बीएनआर' दिसलं तर ती जुनी बेंगाल-नागपूर रेल्वे, जिच्या लायनीवर आपलं गाव आहे. तिचे हातकंदील 'व्हिंटेज कार लॅम्प' म्हणून फिरतात. हातकंदिलाला वर मूठ असते आणि आत लाल-हिरवी काच फिरते. मोटारीच्या तेलाच्या दिव्याला अडकवायची खोबण असते आणि मागच्या अंगाला छोटी लाल काच. दुसरा माल भिलाईच्या पोलाद कारखान्याचा. 1955 च्या रशियाबरोबरच्या करारानंतर तिथे रशियन यंत्रसामग्री आली, तिचे गेज आणि व्हॉल्व्ह अजून टाटीबंध-भनपुरीकडच्या भंगारात निघतात. रशियन लिपी आणि पंचकोनी शिक्का दिसला तर तो शिक्काच 1967 पासूनचा आहे, वस्तू त्याआधीची नाही. तिसरा माल राईस मिलच्या इंजिनांचा. दोन गोळे फिरणारा गव्हर्नर 'अँटिक कार स्पीड कंट्रोल' म्हणून ठेवलेला मी पाहिला आहे. वस्तू सुंदर होती, टेबलावर ठेवायला.

चमकीवरूनही काळ कळतो. पिवळसर झाक असलेली निकेल, निळसर झाक असलेला क्रोम. गाड्यांवर क्रोम 1920 च्या दशकाच्या अखेरीस आला. 1915 च्या म्हणवणाऱ्या हेडलाईटवर क्रोम असेल तर एक तर तो नंतर चढवलाय, नाहीतर दिवाच नंतरचा आहे. तपकिरी-काळी मूठ अंगठ्याने जोरात घासून हुंग. कार्बोलिकसारखा वास आला तर बेकेलाईट. हे मात्र वस्तू हातात आल्यावरच.

एका गोष्टीला हात लावायचा नाही: चॅसी नंबरची सुटी पट्टी किंवा इंजिन नंबरची पाटी. 50 वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर देण्याचा नियम 2021 ला आला. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिन बदललेलं नको. सुटी पट्टी ज्या गाडीची असेल ती गाडी कुणाच्या तरी कागदावर जिवंत असू शकते. पोलिसांना आणि आरटीओला 'मी शौकीन आहे' हे उत्तर पुरत नाही.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागायच्या: आजच्या पेपरावर ठेवलेला फोटो, उलट्या बाजूचा फोटो आणि वजन. ज्याच्याकडे वस्तू नाही तो इथेच गळतो. 'पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करा' म्हणाला तर फोन ठेव; स्कॅन केल्याने पैसे जातात, येत नाहीत. पार्सल आलं की सील दाखवत खोलतानाचा व्हिडिओ काढ, आणि मामीच्या वजनकाट्यावर ठेव. ऑटोव्हॅकचं वजन सांगितल्याच्या निम्मंच भरलं तर आतला खण काढून घेतलाय. त्याच दिवशी परतीचा अर्ज टाक.