भाड्याच्या गाळ्यात बुरशी: आधी पाणी शोधा, मग खर्च कोणाचा ते बोला

व्हिडिओत घाईघाईत सांगितलेला धडा इथे नीट लिहून देतोय.

घाटावरचं बुलढाणा-चिखली असो की घाटाखालचं मलकापूर-नांदुरा, पावसाळ्यात गाळ्याच्या मागच्या भिंतीला काळे-हिरवे ठिपके दिसले की आपण काय करतो? रंगाचा एक हात मारतो. दिवाळीपर्यंत पोपडे निघतात आणि तोवर रॅकच्या खालच्या माळ्यातल्या मालाला वास लागलेला असतो. तो माल कोणी परत घेत नाही, बरं का.

म्हणून एक वाक्य लिहून ठेवा: बुरशी हा रंगाचा नाही, पाण्याचा प्रश्न आहे. पाणी कुठून येतं हे कळलं की खर्च कोणाचा, हेही बहुतेक वेळा कळतं.

पायरी १: तपासणी

- भिंतीवर पांढरी पूड असेल तर पाणी शिंपडा. विरघळली तर तो क्षार आहे, बुरशी नाही. पण भिंतीत ओल आहेच.
- डाग वरून खाली येतोय? गच्ची किंवा पाइप बघा. जमिनीकडून वर चढतोय? पाया बघा. घाटाखालची काळी माती पाणी फार धरते.
- डागाजवळ फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. २४ तासांनी भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दुकानाकडची बाजू ओली असेल तर हवा दमट आहे. माल भिंतीपासून अर्धा फूट सरकवा, हवा खेळू द्या. हे काम आपलं.

बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर लॅब टेस्टवर पैसे घालू नका.

पायरी २: कागद

आधी गोडीने बोला: "काका, मागच्या भिंतीला ओल आलीय, एकदा येऊन बघता का?" सोबत तारखेसह फोटो पाठवा. काम झालं तर उत्तमच.

नाही झालं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ वाचा. करारात वेगळं ठरलं नसेल, तर जागा वापरण्यायोग्य ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. भाडं महिना ८,००० असेल तर वर्षाचे ९६,००० आणि मर्यादा २४,०००. गवंड्याची पावती, सिमेंटचं बिल जपा. हिशेब त्यावरच होतो.

पण थांबा! हे कलम भाडेकरूसाठी आहे. तुमचा ११ महिन्यांचा करार "लिव्ह अँड लायसन्स" असेल तर त्यावर विसंबू नका. करार करतानाच लिहून घ्या: "गच्ची, पाइप व भिंतीची गळती मालक दुरुस्त करतील." भाडं कापण्याआधी वकिलाला करार दाखवा.

पायरी ३: सफाई

गळती बंद झाल्यावरच सफाई. डाग साधारण ३ फूट बाय ३ फुटांपेक्षा लहान असेल तर स्वतः करता येतं. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला. कोरडा ब्रश मारू नका, बुरशीचे कण सगळ्या दुकानात उडतात. साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. फुगलेला पुठ्ठा, प्लायवूड फेका. दमा असलेल्याला हे काम देऊ नका. डाग मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा. रंग सगळ्यात शेवटी.

आजचा गृहपाठ: करार काढा, दुरुस्तीबद्दलची ओळ शोधा आणि चारही भिंतींचे फोटो आजच्या तारखेने काढून ठेवा. नवीन गाळा घेणार असाल तर तो भर पावसात बघायला जा. उन्हाळ्यात प्रत्येक भिंत कोरडीच दिसते!