जाहिरातीतली माणसे आणि आपण



पाऊस सरला की आपल्या भागात दोन हंगाम सुरू होतात. एक कापूस वेचणीचा आणि ऊसतोडीचा, दुसरा सोयरिकी जुळवण्याचा. पहिल्या हंगामात आपल्या मुली दिवसभर उन्हात राबतात. दुसऱ्या हंगामात त्याच मुलींच्या बायोडाटावर ‘वर्ण’ नावाचा एक रकाना भरावा लागतो. ‘सावळा’ असे लिहिताना आईचा हात अडखळतो आणि बहुतेक वेळा तिथे ‘गव्हाळ’ किंवा ‘निमगोरा’ असे लिहिले जाते. या एका रकान्याच्या भीतीवर टीव्हीच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे धंदा केला आहे. माणसाला त्याच्या रंगावरून, जातीवरून, प्रांतावरून ठरावीक साच्यात बसवणाऱ्या जाहिरातींचा या रविवारी आपण थोडा अभ्यास करू.

एका मुलीची गोष्ट

आपल्या देशात दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ रोजी. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, हिंदुस्थान लिव्हर कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम बाजारात आणली होती. पुढे ही क्रीम पाच रुपयांच्या पुडीतही मिळू लागली आणि खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोचली.

या क्रीमची एक जाहिरात आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. घरात पैशाची ओढाताण आहे. आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते, असे वडील बोलून दाखवतात. सावळी मुलगी ते ऐकते. मग क्रीम येते, चेहरा उजळतो, मुलीला हवाईसुंदरीची नोकरी लागते आणि ती वडिलांना पंचतारांकित हॉटेलात घेऊन जाते. शेवटी सगळे हसतात.

ही गोष्ट अर्ध्या-एक मिनिटात सांगून होते, त्यामुळे आपण ती तपासून पाहत नाही. आता सावकाश पाहू. मुलीने शिक्षण किती घेतले आहे? नोकरीसाठी तिने काय तयारी केली? मुलाखतीत तिला काय विचारले? यातले काहीही जाहिरातीत नाही. तिची अडचण गरिबी नाही, वडिलांचे शब्दही नाहीत. तिची अडचण तिची कातडी आहे असे ही गोष्ट सांगते. मुलगी नको म्हणणाऱ्या बापाला तर कुणीच काही म्हणत नाही. क्रीम त्यालाही खूश करते.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार केली. कंपनीने दाद दिली नाही, तेव्हा हे प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आणि तिथून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे गेले. २००३ मध्ये सरकारने या क्रीमच्या दोन जाहिराती बंद करायला लावल्या. त्याच वर्षी कंपनीने मुलींना शिष्यवृत्ती देण्यासाठी याच क्रीमच्या नावाने एक प्रतिष्ठान काढले. शिष्यवृत्ती चांगलीच, पण मुलींना पुढे जायला शिक्षण लागते हे जाहिरातीतच दाखवले असते तर अधिक बरे झाले असते.

पुरुषही यातून सुटले नाहीत. २००५ मध्ये इमामी कंपनीने ‘फेअर अँड हँडसम’ आणली आणि पुढे शाहरुख खान यांनी तिची जाहिरात केली.

नियम काय सांगतात

अनेकांना वाटते की जाहिरातवाले काहीही दाखवू शकतात. तसे नाही. १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांत स्पष्ट लिहिले आहे की वंश, जात, रंग, पंथ किंवा राष्ट्रीयत्व यांची हेटाळणी करणारी जाहिरात केबलवर दाखवता येणार नाही. शिवाय मुंबईत ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही जाहिरातदारांचीच संस्था १९८५ पासून काम करते. ही संस्था सरकारी नाही. परंतु तिची आचारसंहिता मोडणारी जाहिरात केबलवर दाखवू नये, असे २००६ पासून सरकारी नियमातच आले आहे.

या संस्थेने २०१४ मध्ये उजळपणाच्या क्रीमसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सावळी व्यक्ती दुःखी, निराश किंवा अनाकर्षक दाखवू नये. रंगामुळे तिचे लग्न, नोकरी किंवा बढती अडली असे दाखवू नये. विशिष्ट रंग म्हणजे विशिष्ट जात, धर्म, समाज, व्यवसाय किंवा आर्थिक थर असे सुचवू नये. हा शेवटचा मुद्दा आपण विशेष लक्षात ठेवावा. ‘काळा म्हणजे खालचा’ ही समजूत आपल्या देशात जातीच्या अंगाने आलेली आहे, आणि नियम करणाऱ्यांनाही ते मान्य करावे लागले.

मग काय बदलले? बरेचसे शब्द बदलले. ‘गोरेपणा’ गेला आणि ‘निखार’, ‘तेज’, ‘ग्लो’ आले. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि जगभर वर्णभेदाविरुद्ध निदर्शने झाली. त्या लाटेत हिंदुस्थान युनिलिव्हरने ‘फेअर’ हा शब्द काढून टाकत असल्याचे जाहीर केले आणि जुलै २०२० मध्ये क्रीमचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. लग्ने जुळवणाऱ्या ‘शादी डॉट कॉम’ने त्याच वर्षी जूनमध्ये रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली, तीही लोकांनी तक्रार केल्यावर. बायोडाटावरचा रकाना मात्र कुणी काढला नाही. तो कंपनीने छापलेला नव्हताच.

साबणाने काळा रंग धुऊन जातो ही कल्पना खूप जुनी आहे. पेअर्स साबण आजही आपल्या दुकानांत मिळतो. या साबणाच्या इंग्लंडमधील १८८० च्या दशकातील एका जाहिरातीत आफ्रिकन मुलाला टबात बसवून आंघोळ घातलेली आहे आणि साबण लावलेले अंग पांढरे झालेले दाखवले आहे. २०१६ मध्ये चीनमधल्या एका धुण्याच्या साबणाच्या जाहिरातीत एका कृष्णवर्णीय माणसाला कपडे धुण्याच्या यंत्रात कोंबले आणि तो गोरा चिनी तरुण होऊन बाहेर आला. मधे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली, तरी विनोद तोच. त्या कंपनीला पुढे माफी मागावी लागली.

साच्यातली माणसे

रंगाइतकेच साचे प्रांताचे आणि जातीचे आहेत. हिंदी पडद्यावर नेपाळी माणूस म्हणजे ‘बहादूर’ पहारेकरी, दक्षिणेकडचा म्हणजे अडखळत हिंदी बोलणारा विनोदी ‘मद्रासी’, सरदारजी म्हणजे हसण्यासाठी. आणि घरकाम करणारी बाई? ती बहुतेक वेळा मराठी बोलते. मुंबईत लाखो मराठी बायका घरकामावर संसार चालवतात, त्यात कमीपणा काही नाही. खटकते ते हे की मराठी बोलणारी डॉक्टर, मराठी बोलणारी बँक मॅनेजर त्या पडद्यावर क्वचितच दिसते.

आपल्या समाजाचाही साचा ठरलेला आहे. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) हा चित्रपट आपण सर्वांनी आनंदाने पाहिला आणि त्यातला अँथनी मनाचा मोठा आहे, हे खरेच. पण त्याचा धंदा दारूच्या गुत्त्याचा. ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा ही प्रेमळ, करारी घरमालकीण ललिता पवारांनी केली; तशा भूमिका थोड्या, आणि दारूच्या बाटलीसोबतचे ख्रिस्ती पुरुष फार. भाकरी खाणारा, मराठीत प्रार्थना करणारा, शेतात राबणारा मराठवाड्यातील ख्रिस्ती माणूस या साच्यात कुठेच बसत नाही. म्हणूनच तालुक्याच्या कचेरीत किंवा एस.टी.त आपल्याला कुणीतरी सहज म्हणते, “तुम्ही ख्रिश्चन वाटत नाही.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याने ख्रिस्ती माणूस पडद्यावरच पाहिलेला असतो.

जातीचे एक उदाहरण अलीकडचे आहे. ५ जून २०२३ रोजी, पर्यावरणदिनी, झोमॅटो या घरपोच जेवण देणाऱ्या कंपनीने एक जाहिरात-चित्रफीत प्रसिद्ध केली. ‘लगान’ (२००१) चित्रपटातील कचरा हे दलित पात्र करणारा कलाकार तिच्यात होता. त्याला टेबल, दिवा, कुंडी अशा वस्तूंच्या रूपात दाखवून कचऱ्यापासून पुन्हा वस्तू बनवता येतात असे सांगितले होते. लोकांनी तीव्र आक्षेप घेतला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली आणि कंपनीने चित्रफीत मागे घेतली. ज्यांच्या आजोबांना गावात नावाने कुणी हाक मारली नाही, त्यांना यातला ‘विनोद’ का बोचला हे आपल्या धर्मग्रामात समजावून सांगावे लागणार नाही.

अकोल्यातील तीन स्त्रिया

जाहिरातीने फक्त मन दुखावते असे कुणाला वाटत असेल तर त्याने हे वाचावे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी वर्तमानपत्रांत आली. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा तिघी एकच उजळपणाची क्रीम लावत होत्या असे आढळले. ती त्यांनी गावातल्याच सौंदर्यप्रसाधन करणाऱ्या व्यक्तीकडून घेतली होती. तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला.

पारा कातडीला रंग देणारे द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. खरजेसाठी आणलेली ट्यूब ‘गोरेपणासाठी’ चेहऱ्यावर लावणाऱ्या मुली आपल्याकडेही असतील. चार-सहा आठवडे रंग उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुळ्या येतात, केस उगवतात, ऊन सोसत नाही. मलम थांबवले की त्रास आणखी वाढतो, म्हणून मुलगी ते पुन्हा लावते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. कुणाच्या घरी अशी ट्यूब वापरात असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मोठ्या कंपनीची क्रीम आणि ही पाऱ्याची डबी एक नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण डबी विकणाऱ्याला जाहिरात करावी लागली नाही. गोरे झाल्याशिवाय चालणार नाही, हे टीव्हीने आधीच पटवून ठेवले होते. आणि टीव्हीच्याही आधी घराने. ‘पोरगी काळी आहे, हुंडा जास्त लागेल’ हे वाक्य कोणत्याही कंपनीने लिहिलेले नाही.

ज्या द्रव्यामुळे कातडी सावळी दिसते, तेच तिला उन्हापासून वाचवते. उघड्या रानात दिवसभर कापूस वेचणारीला त्याचा उपयोग आहे.

वचनात आणि आपल्या मातीत

गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या बायकोवरून घरात झालेली कुरबुर वाचायला मिळते. ती कूश देशाची, म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडील. मोशेची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन तिच्यावरून त्याच्याविरुद्ध बोलू लागले. कारण तिचा रंग होता, असे तिथे म्हटलेले नाही. ती परकी होती एवढे स्पष्ट आहे. परमेश्वराचा कोप झाला आणि मिर्यामचे अंग कोडाने बर्फासारखे पांढरे पडले. सुनेला नावे ठेवणारीच पांढरी झाली! पुढे मोशेने तिच्यासाठी विनवणी केली, सात दिवस ती छावणीबाहेर राहिली आणि ती परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही. गीतरत्नातील वधू तर पहिल्याच अध्यायात स्वतःच्या सावळेपणाबद्दल मोकळेपणाने बोलते. भावांनी द्राक्षमळे राखायला लावले म्हणून उन्हाने ती रापली आहे. आपल्या मुलींना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

आणि समर्थांच्या जन्मगावात राहणाऱ्यांना हे तरी काय सांगावे की आपल्या शेजाऱ्यांचा राम सावळा आहे, पंढरीचा विठ्ठलही सावळा. मराठी भाषेने ‘सावळा’ हा शब्द शेकडो वर्षे मायेने उच्चारला. तोच शब्द बायोडाटात आला की उणीव ठरतो. चर्चच्या विवाह नोंदवहीत नावे, आईवडिलांची नावे, बाप्तिस्म्याची नोंद, साक्षीदार असे सगळे लिहितात. वर्णाचा रकाना तिथे नाही.

गटचर्चेसाठी

या आठवड्यात आपापल्या वाडीच्या प्रार्थनासभेत पुढील गोष्टींवर बोलावे. रात्रीच्या मालिकेच्या मधे लागणाऱ्या जाहिराती मुलांबरोबर पाहा आणि त्यांना विचारा: यात हसले जाते ते कुणावर? काम करणारा कोण आणि हुकूम देणारा कोण, दोघांचे रंग कसे आहेत? वस्तू वापरण्याआधी माणूस कसा दाखवला आहे? मुले याची उत्तरे आपल्यापेक्षा लवकर देतात. मोबाईलवरच्या जाहिरातीही सोडू नका, त्या आता जास्त पाहिल्या जातात. यंदा ज्यांच्या घरी मुलामुलींचे बायोडाटे तयार होत आहेत, त्यांनी ‘वर्ण’ हा रकाना ठेवायचा की नाही यावर घरात बोलावे, आणि त्या बोलण्यात मुलीला बसवावे.

एखादी जाहिरात खटकली तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे कोणताही नागरिक तक्रार करू शकतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत. तक्रारीत वस्तूचे नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमके काय आक्षेपार्ह वाटले ते साध्या शब्दांत लिहावे. मोबाईलवरची जाहिरात असेल तर पडद्याचा फोटो काढून ठेवावा. लिहिण्यात अडचण असेल त्यांनी मिस्सानंतर युवक मंडळातील मुलामुलींची मदत घ्यावी.