शेवळं आणलीत, पण काकडं?

कोथळीगडाची वाट सोपी आहे. कर्जतहून आंबिवली, तिथून पेठ गाव, मग सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना. संभाजी महाराजांच्या काळात इथे शस्त्रसाठा असायचा, पुढे गड मोगलांनी घेतला. चालता चालता एवढा इतिहास पुरे.

आमची फजिती झाली ती पेठच्या अलीकडे. जूनचा पहिला आठवडा, एकच पाऊस पडून गेलेला. झुडपांखाली शेवळाचे जांभळट कोंब दिसले आणि आमच्यातल्या 'खऱ्या ट्रेकर्स'ना चेव चढला. वीसेक उपटले, काही तर कंदासकट. गावात स्टोव्ह पेटवला, कांद्यावर परतून भाजी केली. दुसऱ्या घासाला घशात सुया टोचायला लागल्या. जीभ, टाळू, ओठ, सगळंच खाजत होतं. पाणी पिऊन काही उपयोग होईना.

ज्यांच्या ओट्यावर बसलो होतो त्या मावशींनी पातेल्यात डोकावून विचारलं, "काकडं नाय घातली?"

"काकडी आहे, कोशिंबिरीला."

मावशी हसत आत गेल्या आणि मूठभर हिरवी, बोराएवढी आंबट फळं घेऊन आल्या. ही काकडं. शेवळाच्या बरोबरीनेच झाडावर तयार होतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा धरतो. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग कापून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच, पण आंबट हवंच. आमचं पातेलं मात्र मावशींनी सरळ उकिरड्यावर ओतलं. कंद बघून त्या खरंच चिडल्या. कोंब वरून खुडला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

जाता जाता एक. खरचटलं की कंबरमोडीचा पाला चोळून लावायची रीत गावोगाव आहे. ते तण मूळचं अमेरिकेतलं, त्यामुळे 'ऋषीमुनींचं ज्ञान' असले फॉरवर्ड जरा जपून. जखम आधी स्वच्छ धुवायचीच.

मोबाइलवर फोटो ताडून रानातलं काही खाऊ नका. जूनमध्ये कर्जतच्या बाजारात बायका शेवळं घेऊन बसतात. जुडी त्यांच्याकडूनच घ्या आणि काकडं मागायला विसरू नका.