ग्रीष्मातील रात्र, निद्रा आणि हृदयाची विश्रांती

चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही. दिवसाच्या उन्हाबद्दल आपण वैद्य मंडळी रुग्णास सावध करतो. रात्रीच्या उष्म्याविषयी मात्र क्वचितच विचारतो. हृदयाची झीज भरून येते ती रात्रीच. म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

आधुनिक विचार
निरोगी हृदयाचे ठोके अगदी समान अंतराने पडत नाहीत. दोन ठोक्यांमधील अंतर किंचित कमी-अधिक होत असते. यास हृदयगती-परिवर्तनशीलता म्हणतात. शांत निद्रेत व्हेगस चेतेचा प्रभाव वाढून गती मंदावते व ही परिवर्तनशीलता वाढते. निद्राकाळी शरीराचे आंतरिक तापमान सुमारे एक अंशाने उतरते व ही उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते. खोलीच तापलेली असल्यास त्वचेकडे अधिक रक्त पाठविण्याचे श्रम हृदयास रात्रभर पडतात. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या २०२५ मधील अभ्यासात, ६५ वर्षांवरील व्यक्तींचे शयनगृह २४ अंशांहून अधिक तापल्यावर परिवर्तनशीलता घटलेली आढळली. उष्ण प्रदेशास सरावलेल्या आपल्या रुग्णांना हा आकडा जसाच्या तसा लावू नये. कारणमीमांसा मात्र तीच आहे.

शास्त्रविचार
निद्रा हा त्रयोपस्तंभांपैकी एक. ग्रीष्मात बल क्षीण, वाताचा संचय आणि रात्र लहान. म्हणूनच एरवी निषिद्ध मानलेली दिवानिद्रा चरकसंहितेने या ऋतूत अनुज्ञात केली आहे. दिवसा शीतगृहात आणि रात्री वारा खेळणाऱ्या, चांदण्याने निवलेल्या गच्चीवर निजावे, असे तेथे सांगितले आहे.

व्यवहार
पहाटे जंगलात निघणारा तेंदूपत्ता मजूर आणि खाणीतील रात्रपाळी करून दिवसा पत्र्याखाली निजणारा कामगार, दोघांचीही निद्रा उष्म्याने खंडित होते. थकवा, धडधड व चिडचिड यांची तक्रार आल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: निजता कोठे? छप्पर कशाचे? रात्री किती वेळा जाग येते?

अशा रुग्णास सायंकाळी स्नान, हलके भोजन, सुती अंथरूण व दुपारी सावलीत अल्प निद्रा सुचवावी. अंगणात निजणाऱ्यास मच्छरदाणी अनिवार्य सांगावी. गडचिरोलीत हिवतापाचे भय मोठे आहे. कूलर वापरताना खिडकी उघडी ठेवावी व टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करावी, अन्यथा तीत डासांची पैदास होते. मृगाच्या दमट हवेत कूलरचा उपयोग फारसा होत नाही, हेही सांगावे.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती की, उष्म्यामुळे झोप न येणाऱ्यास झोपेची गोळी परस्पर देऊ नये. ॲलर्जीवरील काही जुन्या गोळ्यांनी झोप येते खरी, परंतु घाम कमी होऊन उष्णता शरीरातच कोंडते. रक्तदाबासाठी मूत्रल औषध घेणाऱ्या वृद्धांबाबत विशेष दक्षता हवी. छातीत वेदना, मूर्च्छा वा अनियमित नाडी आढळल्यास उष्म्यास दोष देत न बसता तत्काळ ईसीजी काढून घ्यावा.

निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. ग्रीष्मात तिचा आरंभ रुग्णाच्या अंथरुणापासून व्हावा, असे आमचे मत आहे.