एकट्यापुरती कॉफी, चंद्रपुरात

आमच्या घरात चहा सगळ्यांचा आणि कॉफी माझी एकट्याची. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बऱ्याच घरांत असंच असतं. पाहुणा दारात आला की न विचारता चहाचं आधण चढतं. कॉफी मागणारा एक तर बाहेरगावी शिकून आलेला, नाही तर डॉक्टरने चहा बंद केलेला. त्यामुळे कॉफीचं यंत्र असलंच तर ते एका कपाचं. कॅप्सूल घालायची, बटण दाबायचं, मिनिटाच्या आत कप भरतो. तसं एक यंत्र आमच्याकडे काही वर्षं चाललं आणि मग त्याच्या पंपाने मान टाकली. त्याच्या जागी काय आणावं हे ठरवताना इलेक्ट्रिशियन, भांड्यांचा दुकानदार, नागपूरचे मित्र आणि सिरोंच्याला नोकरी करणारा मेहुणा अशा सगळ्यांशी बोलणं झालं. इंटरनेटवरच्या 'सर्वोत्तम दहा' यंत्रांच्या याद्याही वाचल्या, पण त्या लिहिणाऱ्यांच्या घरात बोअरचं पाणी नसतं. इथे राहून जे कळलं ते पुढे लिहिलं आहे.

१. यंत्राआधी स्विचबोर्ड बघा.

कॅप्सूलची बहुतेक यंत्रं बाराशे ते पंधराशे वॅटची असतात. घरातला नेहमीचा छोटा प्लग सहा अँपिअरचा. २३० व्होल्टला सहाने गुणलं की १३८० वॅट होतात. म्हणजे चौदाशे वॅटचं यंत्र त्या प्लगवर पहिल्या दिवसापासूनच जास्तीचं. त्याला जाड पिनांचा पॉवर पॉइंट लागतो आणि जुन्या घरांत तो गिझरजवळ असतो, ओट्याजवळ नसतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडून एवढंच सांगितलं, "सर, वायर बारीक आहे. प्लग बदलून नाही होत जी, वायर नवीन ओढा लागते." यंत्राची किंमत विचारताना हा खर्च कोणी धरत नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, पण लाइनच्या टोकावरच्या गावात संध्याकाळी पंखा रडतखडत फिरतो, ते दुःख वेगळं. तापवणाऱ्या कॉइलचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३०चे १८० व्होल्ट झाले तर चौदाशे वॅटच्या कॉइलकडून साडेआठशेच्या आसपासच काम होतं. पाणी तापायला वेळ लागतो, पंपाचा जोरही कमी पडतो आणि कॉफी पातळ उतरते. स्टॅबिलायझर लावायचा तर दोन केव्हीएचा तरी हवा. घरच्या साध्या आठ-नऊशे व्हीएच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालणार नाही, हे दुकानातला पोरगा सांगत नाही. वीज गेली की कॉफी गेली.

२. परदेशातून आलेल्या भेटीचा नम्रपणे विचार करा.

आता आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली मुलं न्यू जर्सीत, डॅलसमध्ये आहेत आणि प्रेमाने आईवडिलांना तिकडचं केयुरिग कंपनीचं कॉफीचं यंत्र पाठवतात. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची. ते यंत्र आपल्या प्लगमध्ये थेट लावलं तर जळतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर पंधराशे वॅटसाठी निदान दोन हजार वॅटचा. तो यंत्राइतकीच जागा अडवतो, वजनाला जड असतो आणि गुणगुणत राहतो. वर त्याच्या 'के-कप' नावाच्या कॅप्सूल इथे सहज मिळत नाहीत. पोरांना सांगा, त्या पैशात तिकीट काढून घरी या.

३. पाणी यंत्राला मारतं.

चंद्रपूर शहराला नळाचं पाणी इरई धरणाचं, पण नव्या वस्त्यांत आणि खेड्यांत बोअर आहेत. बोअरच्या पाण्यातला चुना पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, तोच थर यंत्रातल्या पेन्सिलीपेक्षा बारीक नळीत बसतो. पातेलं घासता येतं, नळी घासता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला. दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यायचा. माणूस सहाशेचं पाणी पिऊन जगतो, कॉफीचं यंत्र फार काळ जगत नाही.

मग लोक आरओचं पाणी घालतात. त्यातही एक मेख आहे. काही यंत्रांत पाण्याची पातळी पाण्यातल्या क्षारांमधून जाणाऱ्या विजेवरून ओळखली जाते. पाणी फारच शुद्ध असलं तर टाकी भरलेली असूनही यंत्राला ती रिकामी वाटते. चवीचंही तसंच. कॉफीच्या जाणकारांच्या मते विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असलं की कॉफी चांगली उतरते. अगदी कोऱ्या पाण्यात ती बेचव लागते. आरओत नळाचं गाळलेलं, उकळून निववलेलं पाणी थोडं मिसळलं की काम होतं. पण बोअरचं पाणी मिसळण्याआधी ते तपासून घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. त्याची मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम, फार तर दीड, आणि उकळल्याने ते जात नाही.

चुना काढायला महागडं द्रावण लागत नाही. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व घालून ते यंत्रातून फिरवा आणि नंतर दोन टाक्या साधं पाणी सोडा. व्हिनेगर टाळा, त्याचा वास रबरात मुरतो आणि पुढे कॉफीत येतो. हे महिन्या-दीड महिन्याला करायची तयारी नसेल तर बोअरच्या घरात पंपवालं यंत्र आणूच नका.

४. दूध गॅसवरच तापणार असेल तर यंत्राने काय वाचवलं?

हा प्रश्न मला बायकोने विचारला आणि खरं तर इथेच निर्णय झाला. "अहो, ते यंत्र तुमची कॉफी करतं म्हणता, मग हे दुधाचं पातेलं कोणाचं?" कॅप्सूलमधून उतरते ती काळी, कडक, घोटभर कॉफी, इटलीत ती तशीच पितात. आपली कॉफी दुधाची, साखरेची, वर चिमूटभर जायफळ किंवा वेलची. म्हणजे दूध तापवणं आलं, गाळणं आलं, पातेलं घासणं आलं. यंत्राच्या वाट्याला एकूण कामातला चौथा हिस्सा येतो आणि किंमत मात्र सगळ्याची मोजली जाते. दूध फेसाळणारी यंत्रं आहेत, पण त्यांची नळी रोज धुवावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४६-४७ वर असतो. त्या उन्हाळ्यात नळीत राहिलेलं थेंबभर दूध दुपारपर्यंत काय होतं ते सांगायला नको.

काळी पिणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी कॅप्सूलचं यंत्र खरोखर सोयीचं आहे.

५. यंत्र एकदा घेता, कॅप्सूल जन्मभर घेता.

नेस्प्रेसोने १९८६ साली कॅप्सूलची पद्धत बाजारात आणली, तेव्हापासून या धंद्याचं मर्म यंत्रात नाही, कॅप्सूलमध्ये आहे. त्या कंपनीच्या जुन्या प्रकारच्या यंत्रात इतर कंपन्यांच्या कॅप्सूलही बसतात. नव्या व्हर्च्युओ प्रकारात कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड यंत्र वाचतं, तिथे हा पर्याय राहत नाही. डोल्चे गुस्तो नावाच्या यंत्राची कॅप्सूल तिसऱ्याच आकाराची. अमेरिकेत केयुरिगने २०१४ मध्ये परक्या कंपनीच्या कॅप्सूल नाकारणारं यंत्र काढलं, तर गिऱ्हाइकांनी एवढा ओरडा केला की कंपनीला नमतं घ्यावं लागलं. दुकानात उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारावा: यात दुसऱ्या कोणाची कॅप्सूल चालते का?

आणि दुसरा प्रश्न: ती माझ्या पिनकोडला येते का? ४४२४०१ टाकलं तर बहुतेक वस्तू चंद्रपुरात पोचतात. ४४२६०५ म्हणजे गडचिरोली, तिथेही येतात, जरा उशिरा. पुढे अहेरी, एटापल्ली, भामरागड. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तिथे औषधं पोचणं महत्त्वाचं, कॅप्सूल नव्हे. मेहुण्याचं सिरोंचा गडचिरोलीहून सुमारे दोनशे किलोमीटर. तो हसून म्हणाला, "माझं कॉफी पावडर हैदराबादहून येतं, तुमचं कॅप्सूल कुठून येणार ते तुम्ही बघा."

हिशेब साधा आहे. कॅप्सूल पन्नास रुपयांची धरली, रोज एक, तर वर्षाचे १८,२५०. पाव किलोची चांगली पावडर चारशेला धरली आणि एका कपाला बारा ग्रॅम घातली तर कप एकोणीस रुपयांना पडतो, वर्षाला सात हजारांच्या आसपास. फरकाच्या पैशात दरवर्षी कॉफीचं नवं भांडं येईल.

६. दुरुस्ती नागपूरला, म्हणजे दीडशे किलोमीटर.

आमचं जुनं यंत्र घेऊन गावातल्या दुकानांत फिरलो. मिक्सर, कुकर, गिझर सगळं दुरुस्त करणारा माणूसही ते उलटंसुलटं करून म्हणाला, "याला इस्क्रूच नाही जी, खोलायचं कुठून?" बंद साच्यातल्या वस्तूचं हेच होतं. नवं घेताना वॉरंटीत यंत्र घरून नेतात की आपण न्यायचं, हे लेखी घ्या. परदेशात घेतलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. विक्रेता मुंबईचा असला तरी चंद्रपूरचा माणूस चंद्रपुरात दाद मागू शकतो. त्यासाठी बिल जपून ठेवा.

७. कचरा.

ॲल्युमिनियमच्या पुडीत ओला चोथा. ओल्या डब्यात टाकावं की सुक्या? परत घेणारी सोय जवळपास नाही. कापून, चोथा कुंडीत आणि पत्रा भंगारात, असं रोज कोण करणार?

८. 'तीन कपांचा' म्हणजे तुमचा एक.

यंत्र नको म्हटल्यावर उरतात साधी भांडी. दाक्षिणात्य फिल्टर आपल्याकडे नवखा नाही. चंद्रपूर-बल्लारपुरात तेलुगू घरं भरपूर, बल्लारशाह दिल्ली-चेन्नई लाइनवर, त्यामुळे स्टीलचा फिल्टर भांड्यांच्या दुकानात विचारला तर मिळतो. पण डिकॉक्शन उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि सकाळी साडेसहाला मला तेवढा धीर नसतो. एअरोप्रेस हे हाताने दाबायचं नळकांडं २००५ साली अमेरिकेतल्या ॲलन ॲडलर या इंजिनिअरने काढलं. ते एका कपासाठी उत्तम आहे आणि प्रवासातही चालतं. कागदी गाळण्या संपतात, म्हणून स्टीलची जाळी सोबत घ्यावी.

तिसरा मोका पॉट, इटलीत १९३३ साली बियालेत्तींनी आणलेला. खाली पाणी, मध्ये पावडर, गॅसवर ठेवलं की वाफेच्या दाबाने कॉफी वर चढते. इथे कपाचं माप नीट समजून घ्या. त्यांचा कप म्हणजे इवलीशी काळी कॉफी. एका कपाच्या पॉटमध्ये साठेक मिलिलिटर निघते, तीन कपांच्यात १३०च्या आसपास. दूध घालून आपला एक मग भरायला तीन कपांचाच लागतो. शिवाय मोका पॉट अर्धा भरून चालत नाही, त्यामुळे 'मोठा घेऊ, पाहुण्यांनाही होईल' हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही. ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, चुंबक चिकटणाऱ्या स्टीलचा चालतो. छोटा पॉट मोठ्या शेगडीवर डुगडुगतो, त्यासाठी जाळीची रिंग घ्या. पाणी झडपेच्या खालपर्यंतच भरा आणि त्या झडपेवर चुना साचू देऊ नका, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

९. पावडर.

किराणा दुकानात कॉफी मागितली की इन्स्टंटचं पाऊच मिळतं. ती विरघळणारी कॉफी, कुठल्याच यंत्रात घालायची नाही. फिल्टर कॉफीत चिकोरी असते. मोका पॉटमध्ये ती फार झाली तर पाणी अडतं. चिकोरीशिवायची, बारीक रव्याएवढी दळलेली पावडर मागा. विदर्भात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, मिळाली तर जरूर आणा. उन्हाळ्यात पाव किलोपेक्षा जास्त आणू नका. उष्णतेने तिच्यातलं तेल खवट होतं.

आमच्याकडे आता तीन कपांचा स्टीलचा मोका पॉट आहे. दूध शेजारच्या शेगडीवर तापतं आणि वीज गेली तरी कॉफी होते. चंद्रपूर शहरात, पॉवर पॉइंट असलेल्या ओट्यावर, काळी कॉफी पिणाऱ्याने कॅप्सूलचं यंत्र घ्यायला माझी हरकत नाही. दुधाची पिणाऱ्याने घेऊ नये, आणि आष्टी-आलापल्लीच्या पुढे राहणाऱ्याने तर नाहीच. तरीही घ्यायचंच असेल तर आधी कॅप्सूलची एकच डबी मागवा. ती किती दिवसांत दारात येते ते बघा, आणि मग यंत्राचे पैसे भरा.