उपासना चालविणाऱ्या बंधूंस

उपासना चालविणे म्हणजे वाचून दाखविणे नव्हे, हे आम्ही मार्गासनीस एका घरच्या उपासनेत शिकलो. आषाढ होता, पावसाने ओढ दिली होती व भाताची रोपे लावणीवाचून पिवळी पडत होती. आम्ही मात्र पुस्तकातील लांब प्रार्थना नेमाप्रमाणे वाचली, आणि विलायती चालीचे गीत जवळजवळ एकट्यानेच शेवटास नेले. तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पाळकसाहेब, पावसाचं मागायचं राहिलं की!" आम्हांस लाज वाटली. मग तिलाच प्रार्थना करावयास सांगितले. ती चारच वाक्ये बोलली. पण त्या दिवशीचे पहिले मोठे 'आमेन' त्यांसच मिळाले.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल हेच शिकवितो: मंडळीस न समजणाऱ्या पुष्कळ शब्दांपेक्षा समजणारे पाच बरे. कै. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी हे ओळखले होते. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग, भजन व कीर्तन ही लोकांच्या जिभेवरची साधने प्रभूच्या सेवेस लाविली. चाल ओळखीची असली की निरक्षर मनुष्यही धृपद उचलतो. (टाळ थोडे चुकले तर चुकोत.)

तरी छापील प्रार्थना टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. तयारीवाचून केलेली प्रार्थनाही पुष्कळदा पोकळच असते. शास्त्रपाठ आदल्या रात्री दोनदा मोठ्याने वाचून ठेवा. रविवारी अर्धा तास आधी जाऊन ओट्यावर बसा. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाची लावणी अडली आहे, ते विचारा, आणि प्रार्थनेत त्यांची नावे घ्या.